दुकाने दोन, गल्ला एक

पावसाळा सरला की आमच्या पेठेत घरबांधणीचे दिवस सुरू होतात. नाशिकहून सावळघाटाच्या वाटेने सिमेंटच्या गोण्या येऊ लागतात, आणि भात-नागलीच्या पैशांतून दोन पक्क्या खोल्या उभ्या करू पाहणारा गृहस्थ दुकानाच्या पायरीशी उभा राहून या छापाच्या गोणीचा भाव काय व त्या छापाच्या गोणीचा काय, अशी विचारपूस करतो. त्यास वाटते की, दोन निरनिराळे कारखानदार आपल्या गाठीच्या पैशाकरिता झगडत आहेत, आणि त्यांच्या झगड्यातच आपले रक्षण आहे. ही समजूत चुकीची नाही. बाजार म्हणून जी संस्था आहे तिचा सारा पाया याच समजुतीवर उभारलेला आहे. परंतु दोन्ही छापांच्या पाठीमागे धनी एकच असेल, किंवा निदान त्याच धन्याचा दोन्हीकडे भरभक्कम हिस्सा असेल, तर त्या गृहस्थाच्या विचारपुशीस काय अर्थ राहिला? आजच्या अंकी आम्ही या प्रश्नाचा विचार करणार आहो. कारण प्रतिस्पर्धी म्हणविणाऱ्या कंपन्यांत एकाच मालकाचे भाग असण्याचा प्रकार आपल्या देशात वाढत चालला आहे, आणि आपला कायदा त्याकडे अद्याप अर्धवट उघड्या डोळ्यांनीच पाहत आहे.

विषय कायद्याचा असला तरी त्यातील मर्म कोणाही व्यापाऱ्यास सहज समजण्यासारखे आहे. एका पेठेत किराण्याची दोनच दुकाने आहेत असे समजा. पहिल्या दुकानदाराने भाव चढविला म्हणून शंभर रुपये नफा देणारी त्याची गिऱ्हाइके दुसऱ्याकडे गेली. मालक वेगळे असतील तर ते शंभर रुपये गेले ते गेलेच. म्हणूनच भाव चढविताना त्याचा हात कापतो. परंतु दुसऱ्या दुकानात पहिल्याचा तीस टक्के हिस्सा असेल, आणि दुसऱ्यासही त्या गिऱ्हाइकांपासून तितकाच नफा होत असेल, तर शंभरातील तीस रुपये मागील दाराने त्याच्याच घरी परत येतात. हात कापण्याचे कारण तितके कमी झाले. या कामी त्यास दुसऱ्याशी एक अक्षर बोलावे लागत नाही, चिठ्ठी पाठवावी लागत नाही, की हॉटेलात गुप्त बैठक भरवावी लागत नाही. हिस्सा आहे एवढेच पुरे. संगनमतास दोन तोंडे लागतात. सामाईक मालकीस एक वही पुरते.

हा प्रकार नवा आहे असे मात्र कोणी समजू नये. मुंबई इलाख्यातील उद्योगधंद्यांचा जन्मच मुळी मॅनेजिंग एजन्सीच्या पाळण्यात झाला. एकच पेढी कापडाच्या चार गिरण्या चालवी, प्रत्येकीचे भागीदार निराळे, पण किल्ल्या एकाच कमरेला! सिमेंटच्या धंद्याचे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. पहिल्या महायुद्धानंतर कारखाने भराभर निघाले, एकमेकांवर तुटून पडले, आणि भाव उत्पादनाच्या खर्चाखाली गेले. तेव्हा प्रथम कारखानदारांचा संघ निघाला. मग १९३० साली विक्रीकरिता एक सामाईक कंपनी निघाली. आणि अखेर १९३६ साली टाटा, खटाव, किलिक निक्सन व एफ. ई. दिनशा या चार गटांच्या दहा कंपन्या एकत्र होऊन ‘असोसिएटेड सिमेंट कंपनीज’ ही मुंबईची प्रचंड संस्था जन्मास आली. ज्यांच्या खटपटीने हे जुळून आले ते दिनशा त्या वर्षाच्या आरंभीच निवर्तले होते. पुढे दालमिया मंडळीने स्वतंत्र कारखाने काढले तेव्हा भावयुद्ध पेटले, आणि तेही अखेर विक्रीच्या समेटात विझले. आधी संघ, मग सामाईक विक्री, मग सामाईक मालकी अशी ही पायरीपायरीची चढण आहे, आणि शेवटच्या पायरीवर पोहोचल्यावर पहिल्या दोहोंची गरजच उरत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने या दुखण्यावर दोन औषधे योजिली. १९५६ च्या कंपनी कायद्याने १९६० पासून एका मॅनेजिंग एजंटाच्या हाती दहाहून अधिक कंपन्या राहू नयेत असे ठरविले, आणि १९७० साली ती पद्धतच मोडीत काढली. त्याच वर्षी १९६९ चा मक्तेदारी-निर्बंध कायदा अमलात आला. परंतु या कायद्याची नजर धंद्याच्या आकारावर खिळलेली होती. कोण किती मोठा आहे हे तो मोजी. कोण कोणाशी खरोखर झुंजत आहे हे पाहण्याची त्यास फुरसत नव्हती. परिणाम असा झाला की, मोठ्यांस परवान्यांची वाट माहीत होती व लहानांस ती नव्हती. म्हणून मक्तेदारीच्या नावाने निघालेल्या कायद्याच्या सावलीत काही मक्ते उलट सुरक्षित राहिले. १९९१ साली त्याचे मुख्य दात काढण्यात आले, आणि २००९ साली तो कायमचा निजला. त्याची जागा २००२ च्या स्पर्धा कायद्याने घेतली.

या नव्या कायद्यास तीन दरवाजे आहेत. कलम ३ प्रमाणे चढाओढ मारणारे करार निषिद्ध आहेत. कलम ४ प्रमाणे बाजारातील वर्चस्वाचा दुरुपयोग निषिद्ध आहे. आणि कलमे ५ व ६ प्रमाणे ठरावीक मर्यादेपलीकडील खरेदी व एकत्रीकरण आयोगाच्या संमतीवाचून होऊ शकत नाही. पहिली दोन कलमे मे २००९ मध्ये व शेवटची दोन जून २०११ मध्ये अमलात आली. आता सामाईक मालकीचा पाहुणा यांपैकी कोणत्या दारी अडतो ते पाहू.

कलम ३ च्या दारी करार दाखवावा लागतो. सामाईक मालकीत करार नसतोच. इतकेच नव्हे, तर येथे कायद्यात एक चमत्कारिक विसंगती आहे. एकाच गटातील दोन कंपन्या या आर्थिक दृष्ट्या एकच व्यक्ती होत, आणि मनुष्य स्वतःशीच करार करू शकत नाही, असे तत्त्व आयोगाने २०१२ साली एका मोटारगाड्यांच्या तक्रारीत मान्य केले आहे. तत्त्व तर्कशुद्ध आहे, यात शंका नाही. पण त्याचे फळ असे की, दोन प्रतिस्पर्धी दुरून हस्तांदोलन करतील तर गुन्हेगार, आणि कडकडून मिठी मारतील तर निरपराधी! मिठी जितकी घट्ट, तितका कलम ३ चा हात दूर. मिठी मारतेवेळीच जर कोणी अडविले नाही, तर मागाहून अडविण्यास कोणी उरत नाही.

कलम ४ च्या दारी एकट्याचे वर्चस्व दाखवावे लागते. दोघे मिळून बाजार व्यापून बसले असतील तर ते आपल्या कायद्यात वर्चस्व नव्हे. हा प्रश्न भाड्याच्या मोटारींच्या प्रकरणी उभा राहिला. मेरू या मुंबईच्या टॅक्सी कंपनीने ओला व उबर यांजविरुद्ध तक्रार केली, आणि जपानच्या सॉफ्टबँकेचे भांडवल दोघांतही आहे, मग हे कसले प्रतिस्पर्धी, असा सवाल टाकला. जून २०१८ च्या आपल्या निकालात आयोगाने सामाईक मालकीने चढाओढ मंदावण्याचा धोका असतो हे मोकळेपणाने कबूल केले. परंतु तशी ती मंदावल्याचा पुरावा समोर नाही व दोघांचे एकत्रित वर्चस्व कायद्यास ठाऊक नाही, म्हणून तक्रार मिटविली, आणि आपण लक्ष ठेवून राहू असे सांगितले. आयोगाने शास्त्र बरोबर सांगितले, पण शस्त्र मात्र त्यास कायद्याने दिलेले नव्हते. वैद्याने रोगाचे नाव सांगावे आणि औषधाची बाटली रिकामी असल्याचे दाखवावे, त्यातलाच हा प्रकार होय.

आता सिमेंटकडे पुन्हा वळू. २००५-०६ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या होल्सिम कंपनीने एसीसी व अंबुजा या दोन्ही मोठ्या कंपन्यांत ताबा मिळविण्याजोगे भाग घेतले. २०१६ पासून तर एसीसीचे निम्म्याहून किंचित अधिक भाग खुद्द अंबुजाच्याच हाती आले. बाजारात मात्र गोणी निराळी, जाहिरात निराळी, विक्रेता निराळा. जून २०१२ मध्ये आयोगाने संगनमताने भाव व पुरवठा राखल्याचा ठपका ठेवून अकरा सिमेंट कंपन्यांस मिळून सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड केला. त्यात एसीसीस सुमारे १,१४८ कोटी व अंबुजास सुमारे १,१६४ कोटी असा वेगवेगळा दंड होता. डिसेंबर २०१५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो निकाल रद्द करून प्रकरण परत पाठविले. ऑगस्ट २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला. जुलै २०१८ मध्ये तो अपिलात कायम झाला, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. कोण दोषी व कोण निर्दोषी याचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. आम्हास दाखवावयाचे ते इतकेच की, एवढ्या मोठ्या खटाटोपात सारा वाद कोणी कोणास भेटले व काय बोलले यावर झाला. दोन अग्रगण्य कंपन्यांचा धनी एकच आहे, ही उघड गोष्ट त्या वादाचा कणा कधीच झाली नाही. मे २०२२ मध्ये या दोन्ही कंपन्या अदानी गटाने घेण्याचे ठरले व सप्टेंबरात तो व्यवहार पुरा झाला. परदेशी धनी जाऊन देशी धनी आला. पण दोहोंचा धनी एक, ही स्थिती तशीच राहिली.

येथे आमचे काही देशाभिमानी वाचक म्हणतील की, धनी देशी झाला हेच काय थोडे झाले? आमचे उत्तर असे की, स्वदेशीचा आग्रह आम्ही धरतो तो परक्याचे जोखड जाऊन आपले जोखड यावे म्हणून नव्हे, तर मानेवर जोखडच नसावे म्हणून. पेठेतील गृहस्थास गोणीमागे चार रुपये अधिक मोजावे लागले, तर ते झुरिकला गेले की अहमदाबादेस, याने त्याच्या भिंतीची उंची वाढत नाही.

आणि सरकार स्वतः जेथे सामाईक धनी आहे तेथे काय चालते हेही पाहिले पाहिजे. नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या चार सरकारी विमा कंपन्यांनी केरळातील गरिबांच्या आरोग्य विम्याच्या निविदांत आपसांत संगनमत केल्याबद्दल आयोगाने जुलै २०१५ मध्ये सुमारे ६७१ कोटी रुपये दंड केला. कंपन्यांचा बचाव असा होता की, आम्हा चौघींचा मालक भारत सरकार, तेव्हा आम्ही एकच व्यक्ती, मग संगनमत कसले? आयोगाने तो बचाव फेटाळला, कारण प्रत्येक कंपनी आपली निविदा स्वतंत्रपणे भरीत होती व सरकारपुढे स्वतंत्र प्रतिस्पर्धी म्हणूनच उभी राहत होती. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलात दोष कायम राहिला, पण दंड सुमारे दोन कोटींवर आला. दंडाच्या आकड्यापेक्षा यातील तत्त्व आम्हास मोलाचे वाटते. निविदा भरताना चार आणि जाब देताना एक, असा बहुरूप्याचा खेळ चालणार नाही, हे त्या निकालाचे सार होय. जो न्याय सरकारी कंपन्यांस लागू, तो खासगी धन्यांस लागू करण्यास अडचण ती कोणती?

राहता राहिला तिसरा दरवाजा, खरेदीच्या वेळी अडविण्याचा. खरे बळ येथेच आहे. आणि सुधारणाही येथेच झाली आहे, हे आम्ही आनंदाने नमूद करतो. २०२० साली क्रिसकॅपिटल या भांडवली संस्थेने इंटास या औषध कंपनीतील भाग घेतले, तेव्हा मॅनकाइंड या दुसऱ्या औषध कंपनीतही तिचे भाग होते. आयोगाने खरेदीस संमती दिली ती, मॅनकाइंडच्या संचालक मंडळावरील आपला माणूस मागे घेण्याचे वचन त्या संस्थेकडून मिळाल्यावर. २०२३ च्या दुरुस्तीने ‘ताबा’ या शब्दाचा अर्थ विस्तारून ‘लक्षणीय प्रभाव’ एवढाही पुरेसा धरला. सप्टेंबर २०२४ पासून अमलात आलेल्या नियमांप्रमाणे केवळ गुंतवणुकीकरिता घेतलेले पंचवीस टक्क्यांच्या आतील भाग आयोगास कळविण्याची गरज नाही खरी, पण घेणाऱ्याने संचालक मंडळावर माणूस बसविता कामा नये व कंपनीची गुप्त व्यापारी माहिती घेता कामा नये. आणि त्याचा त्याच धंद्याशी संबंध असेल तर सवलतीची मर्यादा दहा टक्क्यांवर येते.

ही रेषा किती नाजूक आहे याचे उदाहरण सिमेंटनेच त्याच वर्षी दिले. जून २०२४ मध्ये मुंबईच्या अल्ट्राटेक कंपनीने दक्षिणेतील इंडिया सिमेंट्सचे सुमारे २३ टक्के भाग घेण्याचे ठरविले, आणि ही ताब्याची नव्हे तर केवळ पैशाची गुंतवणूक आहे असे जाहीर केले. महिना लोटतो न लोटतो तोच जुलैत प्रवर्तकांचे ३२.७२ टक्के भाग घेण्याचा करार झाला. डिसेंबरात आयोगाची संमती मिळून कंपनी ताब्यात आली. यात कायदाभंग झाला असे आम्ही सुचवीत नाही. परंतु प्रतिस्पर्ध्याने घेतलेला ‘केवळ गुंतवणुकीचा’ हिस्सा हा पुष्कळदा उंबरठ्यावरील पाऊल असतो, आणि पाऊल उंबरठ्यावर असतानाच घराचा धनी कोण याची चौकशी केली पाहिजे, हे यावरून कोणासही दिसेल.

पाश्चात्य देशांनी हा धडा कधीच गिरविला आहे. अमेरिकेत १९०४ साली नॉर्दर्न सिक्युरिटीज खटल्यात, दोन समांतर आगगाडी कंपन्यांचे भाग एकाच तिसऱ्या कंपनीच्या पेटीत ठेवणे हेच बेकायदा ठरले. पाच न्यायाधीश एकीकडे व चार दुसरीकडे, इतका तो वाद अटीतटीचा होता. १९१४ च्या क्लेटन कायद्याने चढाओढ मंदावणारी भागखरेदी निषिद्ध केली, आणि एकाच इसमाने दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचा डायरेक्टर होऊ नये असेही ठरविले. युरोपात जून २०२५ मध्ये डिलिव्हरी हीरो व ग्लोव्हो या अन्न पोहोचविणाऱ्या दोन कंपन्यांस ३२ कोटी ९० लाख युरो दंड झाला. पहिलीने दुसरीत अल्प हिस्सा घेतला होता, आणि त्या हिश्श्याच्या खिडकीतून एकमेकींची गुपिते कळू लागली, एकमेकींचे नोकर न पळविण्याचे ठरले व बाजार वाटून घेतले गेले. अल्प हिस्सा म्हणजे निरुपद्रवी हिस्सा, हा भ्रम या निकालाने पुरता दूर व्हावा.

याविरुद्ध एक आक्षेप आहे व तो प्रामाणिक आहे. आजकाल लक्षावधी मध्यमवर्गीय मंडळी म्युच्युअल फंडात महिन्याकाठी थोडेथोडे पैसे ठेवतात, आणि तो फंड एकाच धंद्यातील साऱ्या कंपन्यांचे भाग घेतो. अशी गुंतवणूक जोखीम वाटून टाकते. तिच्यावर कुऱ्हाड घातली तर गरिबाच्या बचतीवरच ती पडेल. अमेरिकेत विमान कंपन्यांच्या अभ्यासावरून सामाईक मालकीमुळे तिकिटे तीन ते सात टक्के महागली, असे २०१८ साली काही पंडितांनी मांडले. दुसऱ्या पंडितांनी त्यांचे गणित खोडून काढण्याचा यत्न केला. वाद मिटलेला नाही. शिवाय आपल्याकडे कंपन्यांची सूत्रे बहुधा प्रवर्तक घराण्यांच्या हाती असतात, आणि एका फंडाने एका कंपनीत दहा टक्क्यांहून अधिक मताधिकार घेऊ नये असा सेबीचा निर्बंध आहे. म्हणून फंडांस व प्रतिस्पर्धी कारखानदारांस एकाच काठीने हाकणे आम्हास मान्य नाही. जो पैसा ठेवून गप्प बसतो तो गुंतवणूकदार. जो पैसा ठेवून खुर्ची मागतो, गुपित मागतो किंवा नकाराधिकार मागतो तो भागीदार. कायद्याने खुर्ची, गुपित व नकाराधिकार या तिहींवर बोट ठेवावे.

या धोरणाने आम्ही चार सूचना करतो. पहिली, एकाच व्यक्तीने किंवा एकाच संस्थेच्या दोन माणसांनी प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बसू नये, असा स्पष्ट निर्बंध असावा. आज कंपनी कायदा संचालकपदांची संख्या मोजतो, त्यातील वैर-मैत्री पाहत नाही. दुसरी, शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे मोठे भागधारक दर तिमाहीस जाहीर होतात, पण ते कंपनीवार. त्याच माहितीची मालकवार व धंदेवार यादी आयोगाने दरवर्षी प्रसिद्ध करावी, म्हणजे कोणाचे हात किती दुकानांत आहेत हे सामान्य मनुष्यासही दिसेल. तिसरी, जेथे दोन प्रतिस्पर्धी मिळून बाजाराचा मोठा भाग व्यापतात व दोहोंत एकाच धन्याचे वजन आहे, तेथे त्यांचे एकत्रित वर्चस्व कायद्याने मानावे. चौथी, सरकारने आपल्या सामाईक मालकीच्या कंपन्यांस हेच नियम आधी लावावेत. घरचा दिवा लावल्यावाचून शेजाऱ्यास उजेड शिकवू नये.

आणि आमच्या व्यापारी वाचकांस एवढेच सांगणे आहे की, हा विषय दिल्लीच्या पंडितांचा म्हणून सोडून देऊ नका. कोणीही मनुष्य, मग त्याचे स्वतःचे नुकसान झालेले असो वा नसो, आयोगापुढे माहिती मांडू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ओला-उबरच्याच एका प्रकरणी स्पष्ट केले आहे. कारखानदाराने विक्रेत्यावर लादलेला भाव, एकाच दिवशी दोन छापांनी केलेली सारखी वाढ, एका छापाचा माल तोडून दुसऱ्याकडे ढकलणे, या गोष्टी प्रथम तुमच्याच वहीत उमटतात. त्या वह्या जपून ठेवा. तारखा लिहून ठेवा. व्यापारी मंडळाच्या बैठकीत त्या ताडून पाहा. पायरीशी उभा असलेला तो गृहस्थ दोन भाव विचारतो तो तुमच्यावरील विश्वासाने विचारतो. त्यास मिळणारी दोन उत्तरे खरोखर दोन तोंडांतून आलेली असावीत, एवढीच त्याची मागणी आहे, आणि ती पुरी करणे हे कायद्याचे पहिले कर्तव्य होय.